भंगारातला रोबो आणि उघडं यंत्र

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातल्या ब्लॅक रॉक वाळवंटात भरणाऱ्या ‘बर्निंग मॅन’ मेळ्यात 2011 साली एक ऑक्टोपस फिरू लागला. उंची सुमारे 26 फूट. आठही हात वर-खाली होणारे, डोळे खोबणीतून पुढे येऊन पुन्हा आत जाणारे, आणि रात्री हातांच्या टोकांतून व डोक्यातून आगीचे लोट. हा सगळा डोलारा 1973 सालच्या एका फोर्ड पिकअप ट्रकवर उभा होता. ‘एल पुल्पो मेकानिको’, म्हणजे यांत्रिक ऑक्टोपस, हे त्याचं नाव. उत्तर कॅलिफोर्नियातले चित्रकार आणि शिल्पकार ड्वेन फ्लॅटमो यांनी तो बांधला आणि आगीची व्यवस्था जेरी कंकेल यांनी सांभाळली. अंगावरचा बहुतेक पत्रा भंगाराच्या वखारीतून आलेला होता: पिंपं, कचऱ्याचे डबे, केक भाजायचे साचे. अशा गाड्यांना तिकडे ‘आर्ट कार’ म्हणतात. आपल्या चित्ररथाशी त्यांचं नातं जवळचं आहे. चित्ररथात मात्र ट्रक कापडाखाली आणि प्लायवूडखाली लपवला जातो आणि वरचा देखावा तेवढा पाहायचा असतो. इथे खुद्द गाडीच शिल्प होते.

अशी गाडी पाहिल्यावर बहुतेकांच्या मनात दोन गोष्टी येतात. एक म्हणजे ही निव्वळ हौस आहे, जत्रेतली गंमत आहे. दुसरी म्हणजे शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला शिकवलेलं ‘टाकाऊतून टिकाऊ’. या दोन्हींत थोडं तथ्य आहे, पण त्यांतून या कलेचा गाभा हाती लागत नाही. मला वाटतं, भंगारातून बांधलेल्या अशा हलत्या आकृतीच्या गाडीचं, म्हणजे रोबो-गाडीचं, खरं मोल ती यंत्र उघडं करून दाखवते यात आहे. आपल्या घरातली यंत्रं गेल्या काही वर्षांत एकेक करून बंद होत गेली आहेत. मोबाईलची बॅटरी आतून चिकटवलेली असते. नव्या गाडीचं बॉनेट उघडलं तर इंजिनाऐवजी प्लॅस्टिकचं काळं झाकण दिसतं. वॉशिंग मशीनचा सर्किट बोर्ड राळेत बुडवून टाकलेला असतो, त्यामुळे बिघाड झाला की कारागीर तो खोलून पाहत नाही, अख्खा बोर्ड बदलतो. यंत्र वापरणाऱ्यांची संख्या एवढी कधीच नव्हती, आणि यंत्र कसं चालतं हे डोळ्यांनी पाहण्याची संधीही एवढी कमी कधीच नव्हती. ही संधी परत देणाऱ्या थोड्या जागांपैकी एक म्हणजे ही भंगारातली रोबो-गाडी.

फ्लॅटमोंच्या ऑक्टोपसचे हात कशाने हलतात ते पाहा. आजच्या काळात कुणालाही पहिल्यांदा सुचेल ते असं की प्रत्येक हाताला एक मोटर लावायची आणि सगळ्या मोटरी एका छोट्या संगणकाने चालवायच्या. फ्लॅटमोंनी जुनी वाट धरली. ऑक्टोपसच्या पोटात फिरता दंड आहे आणि त्यावर कॅम बसवलेले आहेत. कॅम म्हणजे पूर्ण गोल नसलेली चकती, जिच्या कडेला एका बाजूला फुगवटा असतो. दंड फिरू लागला की हा फुगवटा दर फेरीला वर येतो आणि त्यावर टेकलेल्या दांड्याला उचलतो. फुगवटा पुढे सरकला की दांडा खाली येतो. प्रत्येक हातासाठी फुगवटा वेगळ्या कोनात ठेवला की हात एकामागून एक उठतात आणि समुद्रातल्या प्राण्यासारखी लाट तयार होते. गाडीच्या इंजिनातल्या झडपा याच तत्त्वावर उघडतात आणि मिटतात, फक्त तिथे ते लोखंडाच्या पोटात दडलेलं असतं. इथे खाली उभं राहून मान वर केली की कारण आणि परिणाम एकाच नजरेत येतात: हा फुगवटा आला, म्हणून तो हात उठला. दहा वर्षांच्या मुलालाही हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

याला दुसरी, अगदी व्यावहारिक बाजूही आहे. ब्लॅक रॉक वाळवंट म्हणजे आटून गेलेल्या एका प्राचीन सरोवराचा तळ. तिथली धूळ पिठासारखी बारीक आणि क्षारयुक्त असते आणि ती प्रत्येक फटीत शिरते. पंखे, कनेक्टर, उघडे सर्किट बोर्ड यांची तिथे दैना होते. पोलादी दांडा आणि ग्रीस भरलेलं बेअरिंग अशा धुळीत तग धरून राहतं आणि बिघडलंच तर काय बिघडलं ते दिसतं. पाना आणि हातोडी घेऊन ते जागेवर दुरुस्त करता येतं. पुण्यातल्या गणेशोत्सवात हलते देखावे करणाऱ्यांना हा हिशेब नव्याने सांगायची गरज नाही. दहा रात्री सतत चालणाऱ्या देखाव्यात राक्षसाचा हात उठवायचा असेल तर मोटर, गिअर, क्रँक आणि दांडा ही साखळी भरवशाची ठरते, कारण ती मंडपाच्या मागे उभ्या असलेल्या कार्यकर्त्याच्या हाताखालची असते. पण आपल्या देखाव्यात ही साखळी पडद्याआड असते. पडदा काढून टाकावा आणि साखळीलाच देखावा समजावं, ही फ्लॅटमोंची दृष्टी आहे.

ही दृष्टी त्यांच्याकडे अचानक आली नाही. उत्तर कॅलिफोर्नियातल्या अर्काटा गावाच्या परिसरात 1969 पासून एक विलक्षण शर्यत होते. शेजारच्या फर्नडेल गावात राहणारे शिल्पकार होबार्ट ब्राऊन यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीत भर घालून तिचं चालतं शिल्प केलं आणि त्यातून ही शर्यत सुरू झाली. आज तिच्यातली शिल्पं अर्काटाहून फर्नडेलपर्यंत तीन दिवस धावतात. इंजिन वापरायचं नाही, सगळा जोर माणसाच्या पायांचा. वाटेत डांबरी रस्ता आहे, वाळूच्या टेकड्या आहेत आणि खाडीचं पाणीही आहे, म्हणजे तेच शिल्प चालायला हवं आणि तरंगायलाही हवं. फ्लॅटमो अनेक वर्षं या शर्यतीत उतरत आले. ज्याने माणसाच्या ताकदीवर एवढं धूड वाळूतून ओढलं आहे, त्याला वजन कुठे ठेवायचं, गिअर किती उतरवायचा, कोणता सांधा आधी तुटणार हे पुस्तकातून शिकावं लागत नाही. रोबो-गाडीकडे पाहताना तिच्यामागचं हे शिक्षण सहसा लक्षात येत नाही. ते कोणत्याही महाविद्यालयात झालेलं नसतं. वर्षानुवर्षं वेल्डिंग करत आणि ते वेल्डिंग तुटताना पाहत ते झालेलं असतं.

आता भंगाराकडे येऊ. नवा पत्रा बाजारात मिळतो आणि तो कापून हवा तसा वाकवता येतो. मग जुनी पातेली आणि डबे कशासाठी? पैसे वाचतात हे उत्तर खरं आहे, पण छोटं आहे. कॅलिफोर्नियाचे शिल्पकार क्लेटन बेली यांचे रोबो पाहिले की मोठं उत्तर सापडतं. कॉफीची भांडी, व्हॅक्यूम क्लीनर, स्वयंपाकाची अ‍ॅल्युमिनियमची भांडी, वाहनांचे सुटे भाग यांपासून बेलींनी कित्येक यंत्रमानव उभे केले. त्यांतला एखादा रोबो समोर आला की आधी रोबो दिसतो आणि लगेच त्याच्या छातीतली कॉफीची किटली दिसते. दोन्ही एकाच वेळी दिसतात, एक दुसऱ्याला पुसून टाकत नाही. किटली किटलीच राहते आणि तरी छातीचं काम करते. पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर हसू येतं ते या दुहेरी ओळखीमुळे. गुळगुळीत फायबरचा रोबो आपण केवळ पाहतो. भंगाराचा रोबो आपण ओळखतो, कारण त्याचा प्रत्येक तुकडा कधी ना कधी आपल्या हातून गेलेला असतो.

म्हणून अशा गाडीत चांगली निवड आणि वाईट निवड असते, आणि ती ताडून पाहता येते. भंगारातल्या वस्तूंवर सरसकट चंदेरी रंग मारला की ओळख मरते; मग नवा पत्रा वापरला असता तरी चाललं असतं. उलट वस्तू जशी सापडली तशी कुठेही चिकटवली तर तो ढीग होतो, आकृती होत नाही. कौशल्य मधल्या जागेत आहे: हेडलाइटचा काचेचा घुमट डोळा म्हणून, सायलेन्सरचा नळ दंड म्हणून, रेडिएटरची जाळी छाती म्हणून अशा ठिकाणी बसवायची की आकार बोलू लागेल आणि मूळ वस्तूही लपणार नाही. भंगाराच्या वखारीत मनासारखा आकार मागून मिळत नाही, जे आहे त्यातून आकार पाहावा लागतो. या अडचणीमुळेच या गाड्या एकमेकींसारख्या दिसत नाहीत. दोन शिल्पकारांना एकच नकाशा दिला तरी वखारी वेगळ्या असतील तर रोबो वेगळे होतील.

हे काम हाताने करताना धातूंचे स्वभाव लगेच समोर येतात. पोलादाला पोलाद वेल्डिंगने जोडता येतं. अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं पोलादी सांगाड्याला तसं जोडता येत नाही, त्यासाठी रिव्हेट किंवा नट-बोल्ट लागतात. म्हणून या गाड्यांच्या अंगावर रिव्हेटच्या रांगा दिसतात. नक्षी वाटतात, पण मूळ कारण हे आहे. दोन वेगळे धातू ओल्या, खारट हवेत एकमेकांना टेकून राहिले तर अ‍ॅल्युमिनियम झिजू लागतं, म्हणून मध्ये रबराचा वॉशर किंवा रंगाचा थर द्यावा लागतो. बादली, जुनी पाइप, पत्र्याची पिंपं यांवर बऱ्याचदा जस्ताचा मुलामा असतो. तो न घासता त्यावर वेल्डिंग केलं तर पांढरा धूर निघतो आणि तो श्वासात गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप येतो. ज्याला हे माहीत असतं तो आधी ग्राइंडर फिरवतो. वजनाचं गणित तर सगळ्यांत कठोर. 20-25 फूट उंच वस्तू ट्रकवर उभी करायची तर जड भाग चासीजवळ आणि हलका अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा वर, हा नियम मोडला की पहिल्याच वळणावर किंवा वाऱ्याच्या झोतात गाडी कलंडते.

छोट्या रोबो-गाडीसाठी सगळ्यांत उपयोगी भंगार कोणतं असं विचारलं तर मी वायपरची मोटर सांगेन. प्रत्येक मोडीत काढलेल्या गाडीत ती असते. 12 व्होल्टवर चालते, म्हणजे गाडीच्याच बॅटरीवर. आत वर्म गिअर, म्हणजे स्क्रूसारख्या दांड्याने फिरणारी दातेरी चकती, असल्याने ती हळू पण जोर लावून फिरते, आणि बहुतेकदा वीज बंद केली तरी हात स्वतःच्या वजनाने खाली कोसळत नाही. फिरण्याचं रूपांतर मागे-पुढे झुलण्यात करणारा क्रँक आणि दांडे तिच्यासोबतच मिळतात, कारण वायपरचं कामच ते आहे. त्यातली एक बारीक सोय तर रोबोसाठीच केल्यासारखी वाटते. वायपरचं बटण मध्येच बंद केलं तरी पातं काचेच्या मधोमध थांबत नाही, खालच्या ठरलेल्या जागी जाऊन विसावतं. मोटरच्या आत त्यासाठी एक छोटा स्विच असतो. हाच स्विच वापरला तर रोबोचा हात सलाम ठोकून दर वेळी नेमका मांडीवर परत येतो. एकही ओळ प्रोग्रॅम लिहावी लागत नाही. अशी मोटर हातात घेऊन तिचं झाकण चार स्क्रू काढून उघडलं की पितळेची किंवा प्लॅस्टिकची दातेरी चकती, तिच्यावरची ग्रीस आणि तो स्विच हे सगळं दिसतं. एका मोटरीत यंत्रशास्त्राचा एक अख्खा धडा आहे.

दिव्यांचं शास्त्र थोडं फसवं आहे, म्हणून त्यावर जरा थांबायला हवं. आज अशा गाड्यांवर रंग बदलणाऱ्या एलईडी पट्ट्या लावतात. 5 व्होल्टवर चालणारी 5 मीटरची पट्टी, मीटरला 60 दिवे, म्हणजे 300 दिवे. प्रत्येक दिवा पूर्ण पांढरा पेटला तर सुमारे 60 मिलिअँपिअर ओढतो, म्हणजे पट्टीला 18 अँपिअर लागतात, म्हणजे 90 वॅट. जुन्या गाडीच्या दोन हॅलोजन हेडलाइटना मिळून साधारण 110 वॅट लागतात. याचा अर्थ बारीकशी दिसणारी ही पट्टी जवळपास दोन हेडलाइटएवढी भूक घेऊन येते. 12 व्होल्टवरून 5 व्होल्ट करताना थोडी वीज वाया जाते, ती धरली तर 100 वॅट. 100 अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी अर्ध्याहून जास्त रिकामी करू नये असा दंडक पाळला तर एक पट्टी सहा तास चालेल, चार पट्ट्या दीड तास. इंजिन चालू आहे ना, मग अल्टरनेटर बॅटरी भरेल, असं वाटतं. पण मुंगीच्या पावलांनी जाणाऱ्या गाडीचं इंजिन मंद फिरतं आणि तेव्हा अल्टरनेटर त्याच्या क्षमतेपेक्षा बराच कमी प्रवाह देतो. म्हणून जाणकार दिव्यांसाठी वेगळी बॅटरी ठेवतात आणि सगळे दिवे पूर्ण पांढरे कधीच पेटवत नाहीत. पट्टीच्या दूरच्या टोकाला पांढरा रंग तांबूस दिसू लागला तर ते बिघाडाचं लक्षण समजायचं नाही. तारेत व्होल्टेज पडतं, निळ्या आणि हिरव्या दिव्यांना लाल दिव्यापेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून ते आधी मंदावतात. दुसऱ्या टोकालाही वीज जोडली की रंग परत येतो. एक फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ हवाच, कारण हलत्या गाडीत पत्र्याच्या कडेवर घासून तार उघडी पडणं ही आगीची सर्वांत सोपी वाट आहे.

दिव्यांचाच विचार केला तर जपान सगळ्यांच्या पुढे आहे. तिथल्या ‘देकोतोरा’ म्हणजे सजवलेल्या मालवाहू ट्रकांना 1975 सालच्या ‘तोराक्कू यारो’ या चित्रपटाने देशभर प्रसिद्धी दिली, आणि पुढे 1979 मध्ये आलेल्या ‘गंडाम’ या रोबोंच्या मालिकेचा प्रभाव पडून अनेक ट्रकांना कोनदार, चिलखती रूप आलं. पोलादी मुखवटे, क्रोमचे पंख, शेकडो दिवे. रात्री रस्त्यावरून यंत्रमानव सरपटत जावा तसे ते दिसतात. कारागिरी थक्क करणारी आहे. तरी माझ्या मते त्यांत भंगारातल्या रोबोची गोष्ट नाही, कारण पोलादी कवच यंत्राला झाकतं. तुर्कस्तानातल्या एका कंपनीने 2016 मध्ये खरोखर रोबोत रूपांतर होणारी बीएमडब्ल्यू गाडी दाखवली, ती अभियांत्रिकीची करामत होती. पण तिचं सगळं गुपित बंद अंगात होतं, पाहणाऱ्याने फक्त टाळ्या वाजवायच्या. बीएमडब्ल्यूच्या आर्ट कार मालिकेची सुरुवात 1975 मध्ये अलेक्झांडर कॅल्डर यांनी रंगवलेल्या गाडीने झाली. ती गाडी त्याच वर्षी ल मांसच्या 24 तासांच्या शर्यतीत धावली. स्वतः कॅल्डर हलत्या शिल्पांचे जनक मानले जातात. पण गाडीवर त्यांनी केवळ रंग दिला. रंगाला कमी लेखण्याचं कारण नाही. मुद्दा एवढाच की रंग पृष्ठभागावर राहतो आणि भंगारातला रोबो आतल्या गोष्टी बाहेर आणतो.

या सगळ्यावर पहिला आक्षेप पर्यावरणाचा येतो आणि तो गंभीर आहे. टाकाऊ वस्तूंचा पुनर्वापर म्हणून या गाड्यांचं कौतुक करायचं आणि रात्रभर हवेत गॅस जाळायचा, वाळवंटात शेकडो मैल ट्रक ओढत न्यायचा, यात मेळ कुठे बसतो? मला वाटतं या आक्षेपापुढे मान्य करण्याशिवाय पर्याय नाही. आगीच्या लोटांचं पर्यावरणाच्या नावाने समर्थन होऊच शकत नाही. शिवाय लोखंड हा जगात सर्वाधिक पुनर्वापर होणाऱ्या पदार्थांपैकी एक आहे. शिल्पात अडकवलं नसतं तर ते भट्टीत वितळून पुन्हा कामाला आलंच असतं. दिल्लीत 2019 मध्ये उघडलेल्या ‘वेस्ट टू वंडर’ उद्यानात जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृतींसाठी सुमारे 150 टन भंगार वापरलं गेलं. एवढ्या मोठ्या शहराच्या रोजच्या कचऱ्यापुढे तेही नगण्य आहे. त्यामुळे या कलेने पर्यावरणरक्षणाचा टिळा लावून मिरवू नये. तिचा उपयोग वेगळा आहे: फेकलेल्या वस्तूच्या आत अजून काम शिल्लक आहे, हे ती दाखवते. ज्याला ते दिसलं तो घरचा पंखा फेकण्याआधी एकदा उघडून पाहील. हा फायदा टनांत मोजता येत नाही, आणि मोजण्याचा आव आणू नये.

दुसरा आक्षेप पैशाचा. ब्लॅक रॉकमधला ‘बर्निंग मॅन’ मेळा 1986 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या समुद्रकिनाऱ्यावर एक लाकडी पुतळा जाळण्यापासून सुरू झाला आणि 1990 मध्ये वाळवंटात गेला. आज त्याचं तिकीट शेकडो डॉलरचं असतं आणि तिथे जाणं ही सुखवस्तू माणसांची चैन झाली आहे असं म्हटलं जातं. तक्रार बिनबुडाची नाही. पण ही कला त्या मेळ्याच्या मालकीची नाही. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात आर्ट कारची मिरवणूक 1988 साली 40 गाड्यांनी सुरू झाली. ती शहराच्या रस्त्यावरून जाते, लोक दुतर्फा उभे राहून पाहतात आणि तिच्यात शाळकरी मुलांनी बांधलेल्या गाड्याही असतात. ही मिरवणूक ज्या संस्थेने उभी केली तिचा उगम एका टपाल कर्मचाऱ्याच्या वेडात आहे. जेफ मॅकिसॅक यांनी संत्र्याच्या सन्मानार्थ 1956 पासून 1979 पर्यंत स्वतःच्या हाताने ‘ऑरेंज शो’ हे स्मारक बांधलं: फरश्या, गाड्यांची चाकं, दातेरी चक्रं, मिळेल ती जुनी वस्तू. 1980 मध्ये ते गेले आणि शहरातल्या लोकांनी संस्था स्थापून ते स्मारक वाचवलं. त्याच संस्थेच्या अवतीभवती 1984 साली कलाकार जॅकी हॅरिस यांची प्लॅस्टिकच्या फळांनी मढवलेली जुनी फोर्ड गाडी आली आणि पुढे मिरवणूक. चंडीगडच्या रॉक गार्डनमध्ये सरकारी रस्ते-निरीक्षक नेकचंद यांनी फुटक्या बांगड्या आणि चिनी मातीचे तुकडे घेऊन जे केलं त्याच जातीचं हे काम आहे. त्याची सुरुवात श्रीमंतांच्या दारातून झालेली नाही.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि इथे इतिहासच उत्तर देतो. 1996 पर्यंत बर्निंग मॅनमध्ये कुणीही कशीही गाडी हाकत असे. त्या वर्षी अपघातात एकाचा मृत्यू झाला, तंबूंवर गाडी गेल्याने माणसं जखमी झाली, आणि त्यानंतर साध्या गाड्या फिरवण्यावर बंदी आली. आता फक्त परवाना मिळालेल्या कलागाड्या फिरतात. त्या मूळ गाडीपासून ओळखू न येण्याइतक्या बदललेल्या असाव्या लागतात; वेगमर्यादा ताशी 5 मैल, म्हणजे सुमारे 8 किलोमीटर; रात्री फिरायचं तर चारही बाजूंनी दिसेल अशी रोषणाई हवी; आग असेल तर तिची वेगळी तपासणी. नियमांनी कला मारली असं म्हणावं तर फ्लॅटमोंचा ऑक्टोपस याच नियमांखाली जन्मला. ‘हे दिवे कशाला’ या प्रश्नाला तिथे एक साधं उत्तरही मिळतं: अंधाऱ्या, धुळीच्या मैदानात पायी चालणाऱ्यांना 26 फुटांचं यंत्र लांबून दिसावं म्हणून.

आपल्याकडे रस्त्यावरच्या गाडीत असे फेरफार करता येत नाहीत, हे स्पष्ट सांगायला हवं. मोटर वाहन कायद्याचं कलम 52 त्याला आडवं येतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत असा निर्वाळा दिला. त्यामुळे जुन्या मारुतीचा रोबो करून तिने कोल्हापूर ते सांगली जायचं स्वप्न कुणी पाहू नये. पण मिरवणुकीचं मैदान मोकळं आहे. गोव्यात शिगमोत्सवाच्या चित्ररथांवर राक्षसांचे हात उठतात, जबडे उघडतात, नाग फणा काढतात, आणि गावोगावची मंडळं ही यंत्रणा स्वतः बांधतात. पुण्यामुंबईच्या मंडळांकडे तेच हात, तीच मोटर, तोच क्रँक आहे. आपल्या कारागिरांना तंत्र शिकायचं राहिलेलं नाही. एखाद्या मंडळाने किंवा आयटीआयच्या एखाद्या वर्गाने ट्रेलरवर भंगाराचा यंत्रमानव उभा करावा, पडदा न लावता. वायपरच्या मोटरी, मोडक्या सायकलींच्या साखळ्या, हेडलाइटचे डोळे दिसू द्यावेत, आणि शेजारी तो बांधणारी मुलं उभी राहावीत, काय कशाला जोडलेलं आहे ते विचारणाऱ्याला बोट ठेवून दाखवायला.